मखमलीतला टका

एका राज्यात नाण्यांवर राजाचा मुखडा नसे, राजाच्या लेकरांचा असे. लेकरू जन्मले की बाराव्या दिवशी बारसे, आणि त्याच मुहूर्तावर टांकसाळीत त्याच्या नावाचा नवा टका. साचा जादूचा होता. लेकरू वाढेल तसा नाण्यावरचा मुखडाही वाढे. आणि दंडक असा होता की टक्यावर 'एक टका' एवढेच उमटवायचे; थोरल्याचा जास्त नाही, धाकट्याचा कमी नाही. दंडक घालणाऱ्या पूर्वजाला चार राण्या आणि पुष्कळ मुले होती, त्यामुळे हे शहाणपण त्याला बाहेर शोधावे लागले नाही.

त्या राज्याच्या भद्रसेन राजाला दोन कन्या. थोरली मेखला जन्मली ती दुष्काळात. खजिन्यात उंदीर नाचत होते, म्हणून तिचा टका तांब्याचा पाडला आणि भरमसाट पाडला. धाकटी हेमांगी जन्मली तेव्हा डोंगरात सोन्याची खाण लागली होती. तिचा टका शुद्ध सोन्याचा पाडला आणि मोजकाच पाडला. उमटवले मात्र 'एक टका'च. राजाने दंडक पाळला, आणि आपण मोठा न्याय केला असे त्याला वाटले. बापांना असे पुष्कळदा वाटते.

आता सोन्याचा टका एका टक्याला कोण खर्चील? ज्याच्या नशिबी हेमांगी टका आला त्याने तो मखमलीच्या डबीत घालून देव्हाऱ्यात ठेवला. सणासुदीला त्याला हळदकुंकू वाहिले. तांब्याचा टका मात्र दिवसभर बाजारात राबे. कोळणीच्या ओल्या हातून तेलिणीच्या चिकट हातात जाई, तिथून जुगाऱ्याच्या मुठीत. कोणी तो दाताखाली धरून पाही. लोक त्याला टकासुद्धा म्हणत नसत.

"दोन मेखल्या टाक आणि ही वांगी ने," असे माळीण ओरडे.

मेखला पालखीतून जाताना हे ऐके आणि तिच्या अंगाचा तिळपापड होई. माझे नाव वांग्याच्या ढिगापाशी, आणि हिचे देव्हाऱ्यात! दोघी एकाच ताटात जेवत. धाकटी ताईच्या मागे मागे फिरे, ताईची जुनी लुगडी हौसेने नेसे. त्याचाही मेखलेला राग येई. जिला सगळे मिळाले आहे तिने गोडसुद्धा असावे, हे तिला फार होई.

अखेर ती धूम्रकेश जादूगाराच्या गुहेत गेली. धूम्रकेश मगरीच्या पाठीवर बसून सापाची कात विरघळवत होता.

"काय हवे?" त्याने विचारले.

"हेमांगीचा टका कधीच कोणी खर्चू नये. त्यावर एक वांगेसुद्धा येऊ नये."

जादूगार खदखदून हसला. "राजकन्ये, ते तर लोक आपणहून करताहेत. मी एवढेच करतो, की त्या टक्याचे जे होईल तेच तिचे होईल. मोबदल्यात तुझी झोप देशील?"

मेखलेने नीट ऐकलेही नाही. "दिली," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हेमांगीची पावले सोन्याची झाली. मग पोटऱ्या, मग गुडघे. राजवैद्य आले, मांत्रिक आले, आणि सगळे आपापली दक्षिणा घेऊन गेले. हेमांगीला मखमलीच्या आसनावर बसवावे लागले. ही बातमी पसरताच परमुलखातून माणसे सोन्याची राजकन्या पाहायला येऊ लागली. कोणी फुले वाही, कोणी नवस बोले.

आणि मेखला? ती तर आणखीच जळू लागली. आजारी पडली तरी हिचाच थाट! झोप तर उडालीच होती. ती पलंगावर टक्क उघड्या डोळ्यांनी पडून राही आणि धाकटीच्या महालाबाहेर किती जोडे उतरले असतील याचा हिशेब करी.

सोने गळ्यापर्यंत चढले तेव्हा हेमांगीने थोरलीला बोलावून घेतले.

"ताई, एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

"बोल."

"मला तुझा फार हेवा वाटायचा. तुझा टका नावेत बसतो, जत्रेत जातो. पोरे त्याची चिंचगुळाची गोळी घेतात. माझा डबीतून कधी बाहेरच निघाला नाही. मला वाटे, आपणही ताईसारखे एकदा..."

पुढचे शब्द आलेच नाहीत. ओठ सोन्याचे झाले होते. डोळे तेवढे ओले होते.

मेखला धाकटीचे थंडगार पाय धरून ओक्साबोक्शी रडली. आपण काय करून बसलो हे तिला तेव्हा कळले. मग तिने डोळे पुसले आणि टांकसाळीची वाट धरली.

टांकसाळीत एक साळुंकी होती. प्रत्येक नाण्याचा नाद ऐकून ती 'खरा' किंवा 'खोटा' सांगे, आणि कधी चुकत नसे. मेखलेने तिला सगळे सांगितले, आपले काळे कृत्यही सांगितले.

साळुंकी मान वाकडी करून म्हणाली, "डबीतला टका बाहेर काढ. तो तीन हातांनी घेतला पाहिजे. सोने आहे हे ठाऊक असून ज्याने त्याने तो एका टक्यालाच घ्यावा, कमी नाही, जास्त नाही. तिसरा हात ज्याने छापला त्याचा. सोने डोळ्यांत उतरायच्या आत हे झाले तर बहीण तुझी. आणि ध्यानात ठेव, हेवा करणाऱ्या हाताला हा टका चिकटतो, आणि तुझा हेवा जागला तर कोणाच्याही हाताला."

मेखलेच्या पेटीत बारशाचा एक हेमांगी टका होता. तो घेऊन, साळुंकीला खांद्यावर बसवून ती नदीवर आली. तिथे धोंडजी नावाडी होता. उताराचे भाडे एक टका. त्याच्या कनवटीला मेखलेच्या मुखड्याची नाणी खुळखुळत होती, पण समोरच्या मेखलेला काही त्याने ओळखले नाही. इतका तो मुखडा झिजला होता.

पलीकडे उतरल्यावर तिने सोन्याचा टका पुढे केला. धोंडजी दोन पावले मागे सरला.

"बाई, ही तर धाकट्या राजकन्येची मूर्ती! हिला वल्ह्याचे हात लावू व्हय? राहू द्या तुमचं भाडं."

हे ऐकून मेखलेचा जुना हेवा जागा झाला. टका तळहाताला घट्ट चिकटला. ती ओढू लागली, तो निघेना.

"खरा आहे," साळुंकी म्हणाली. "दोन्हीही. टकाही आणि हेवाही."

मेखलेने डोळे मिटले. धाकटीचे ओले डोळे तिला दिसले. "नावाडीदादा," ती म्हणाली, "हिला नावेत बसायची फार हौस होती. आज बसली. तिचे भाडे तिलाच देऊ द्या."

टका सुटला. धोंडजीने तो कपाळाला लावला, मग विचार करून म्हणाला, "हौसच असेल, तर घरी नेऊन कोंडत नाही. ज्वारी घ्यायचीच आहे."

बाजारात गजराबाई धान्य विकत होती. बाई तोंडाची फटकळ, पण माप चोख. टक्याला एक पायली ज्वारी हा तिचा भाव. धोंडजीने टका दिला, ज्वारी घेतली आणि रामराम करून गेला. गजराबाईने टका मुठीत धरला आणि तिचा चेहरा उजळला.

मेखला म्हणाली, "बाई, हा टका घेऊन माझ्यासंगे राजाच्या खजिन्यात चला. तिथे तो एका टक्याला मोडून घ्या."

"मोडून? खुळी का काय तू! माझ्या जावेच्या देव्हाऱ्यात असलाच एक आहे. सात वर्षं झाली, मेलीचं मिरवणं संपत नाही. आज माझा तिच्या नाकासमोर नेऊन ठेवते!" तिने मूठ उघडली. टका तळहाताला चिकटला होता. तिने हात झटकला, दगडावर आपटला, तेल लावले. टका हलेना.

"माझाही चिकटला होता," मेखला म्हणाली, आणि त्या फटकळ बाईपाशी बसून तिने आपली सगळी कथा सांगितली. काही लपवले नाही.

गजराबाईने ऐकता ऐकता दोनदा "अगं बया" म्हटले.

"सख्खी बहीण?" तिने शेवटी विचारले.

"सख्खी."

"चल," गजराबाई उठली. "जावेचं मी बघून घेईन. तिला तरी दुसरं काय आहे मिरवायला."

दोघी नदी ओलांडून राजवाड्यात आल्या तेव्हा खजिन्याच्या दारी खजिनदार विश्वंभरपंत बसले होते. त्यांनी टका पाहिला आणि मान हलवली. "हे शोभेचे नाणे. खजिना हे देतो, परत घेत नाही. सराफाकडे जा, शंभर टके मिळतील."

"शंभर कशाला?" गजराबाई कडाडली. "यावर एक लिहिलंय. मला एक द्या!"

गलका ऐकून राजा स्वतः खाली आला. धाकटीच्या उशाशी बसून त्याचे डोळे लाल झाले होते. मेखला त्याच्यापुढे उभी राहिली.

"महाराज, या टक्यावर जे लिहिले आहे ते खरे की खोटे?"

"खरे. माझा शब्द आहे तो."

"मग आपला खजिना आपला शब्द का घेत नाही?"

"मेखले, ते सोने आहे. त्याचे मोल..."

"तेच तर बाबा!" तिचा आवाज फुटला. "हिच्या टक्याचे मोल शंभर, तर माझे काय? दोघींवर एकच लिहिलेत आणि दोघींना सारखे केलेत असे समजलात. मी जन्मभर जळले. जळता जळता तिला शाप दिला. तो मीच दिला, बाबा. हा टका आपल्या हाताने एका टक्याला घ्या, म्हणजे ती सुटेल."

राजा खजिनदाराला म्हणाला, "टका द्या."

"नियमाबाहेर तिजोरी उघडत नाही, महाराज. आपलाच नियम आहे."

तेव्हा राजाने कमरेच्या शेल्याची गाठ सोडली. आत तांब्याचा एक टका होता. झिजून झिजून पातळ झालेला, मुखडा पार पुसलेला.

"हा मेखलेच्या बारशाचा पहिला टका," राजा म्हणाला. "तेव्हापासून माझ्या कमरेला आहे. दुष्काळात, लढाईत, चिंतेत याच्यावर अंगठा फिरवत आलो. कधी खर्चला नाही. डबीत ठेवायचे तर मनातही आले नाही. बाई, हा घ्या आणि तो द्या."

गजराबाईने हात पुढे केला. टका तिच्या तळहातावरून हलेना.

"माझा हेवा तर बाजारात राहिला," ती गोंधळून म्हणाली. तिने मेखलेकडे पाहिले.

मेखला त्या झिजलेल्या तांब्याकडे पाहत होती. इतकी वर्षे जे नाही म्हणून ती जळली, ते बापाच्या कमरेला होते. आज प्रथम दिसले, आणि आजच धाकटीपायी चालले होते. हे तरी माझे राहू दे, असे तिच्या मनाने आकांताने म्हटले. महालातून दासीची हाक आली, "सोने पापण्यांना लागले हो!"

"द्या बाबा," मेखला म्हणाली. "टका खर्चण्यासाठीच असतो."

सोन्याचा टका अलगद सुटला आणि राजाच्या हातात पडला. तांब्याचा गजराबाईच्या ओच्यात गेला. त्याच क्षणी वरच्या महालात कोणीतरी शिंकले. मग जिन्यावर पावले वाजली. हेमांगी अनवाणी धावत आली आणि ताईच्या गळ्यात पडली.

राजाने त्याच दिवशी दवंडी पिटवली, की खजिना ज्या नाण्यावर जे मोल उमटवील, त्याच मोलाला तो ते परतही घेईल, सोने असो वा तांबे. लोकांनी तरीही आपले हेमांगी टके देव्हाऱ्यातच ठेवले. पण अडल्यानडल्याला ते चालतात, हे आता सगळ्यांना ठाऊक होते. शाप सुटताच सौदाही मोडला, म्हणून धूम्रकेशाने झोप परत धाडली. दुसऱ्या दिवशी दोघी बहिणी जत्रेला गेल्या. धाकटीने पाळण्यात बसून ताईला हाका मारल्या, पण थोरली वडाखाली घोरत पडली होती.

गजराबाईने तो झिजका टका जावेला दाखवला नाही, ठेवलाही नाही. संध्याकाळी त्याचे मीठ आणले. तेव्हापासून तो फिरतोच आहे. कधी तुमच्या हाती एखादे पातळ, गुळगुळीत, मुखडा नसलेले नाणे आले, तर चालणार नाही म्हणून परत करू नका. घ्या. पुरा एक टका आहे.