जुन्या कातीतला दोर

एका नदीच्या काठी एक गाव होतं, आणि त्या गावात माणसं दर बारा वर्षांनी नवी होत. म्हणजे ती तसं म्हणत. बाराव्या वर्षी ठरलेल्या दिवशी सगळं गाव नदीवर जाई, अंगावरचे जुने कपडे पाण्यात सोडून देई, बुडी मारून वर येई आणि कोरे कपडे घाली. साप कात टाकतो, तशी ही माणसांची कात. त्या दिवसाआधी कोणी काय केलं, हे नंतर कोणी विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. 'ती जुन्या कातीतली गोष्ट' असं म्हटलं की सगळ्यांची तोंडं बंद.

ही रीत गावच्या गुरुजींनी नीट समजावून दिली होती. "बारा वर्षांत नखं नवी, केस नवे, कातडी नवी," ते म्हणत. "विचारसुद्धा नवे. मग माणूस जुना कसा राहील? एकाने केलेल्याचा जाब दुसऱ्याला विचारणं हा अन्याय आहे."

ऐकायला फार छान वाटे. ज्यांच्या हातून काही घडलेलं असे, त्यांना तर जास्तच. अकरावं वर्ष सरलं की गावात परसातले भोपळे आणि खुराड्यातल्या कोंबड्या भराभर नाहीशा होत.

त्या गावात एक दोरवाला राहत होता. अंबाडी भिजवावी, तिचा वाख, म्हणजे सालीचे धागे, सोडवावा आणि त्याचे दोर वळावेत, हे त्याचं काम. नदीवर या काठापासून त्या काठापर्यंत जो जाड दोर ताणलेला असे, तोही त्याच्याच हातचा. तो दोर धरून नावाडी नाव पलीकडे ओढत नेई. पलीकडे बाजार होता, वैद्य होता, लेकींची सासरं होती.

दोरवाला रोज सकाळी एक गोष्ट न चुकता करी. गावाबाहेरच्या झोपडीत एक लंगडा म्हातारा राहत असे, त्याला भाकरी आणि ताक नेऊन देई. हा म्हातारा पूर्वी नावाडी होता. दोरवाला लहानपणी भोवऱ्यात सापडला, तेव्हा यानेच त्याला शेंडीला धरून बाहेर काढलं होतं. वर दोन धपाटे घालून पोहायलाही शिकवलं होतं.

"किती मायाळू माणूस!" गाव म्हणे. दोरवाला मान खाली घाली. लोकांना तो विनय वाटे.

तो विनय नव्हता. बारा वर्षांपूर्वी पलीकडच्या जत्रेला जायच्या घाईत त्याने नदीचा दोर एका दिवसात उरकला होता. चांगला वाख कमी पडला, तेव्हा आत कुजका भरला आणि वरून चांगला गुंडाळला. त्याच पावसाळ्यात भर प्रवाहात दोर तुटला. नावाड्याने नावेतल्या एकूण एक माणसाला काठाला लावलं, पण नाव खडकावर फुटली आणि त्याचा पाय तिच्याखाली सापडला. भिजलेला दोर वेळोवेळी वाळवणं हे नावाड्याचं काम. "वाळवलाच नसेल याने. कुजवला," लोक म्हणाले. दोरवाला गप्प राहिला. महिन्याभरात कातीचा दिवस आला आणि त्याने आपले कपडे पाण्यात सोडून दिले.

नावाड्यानेही सोडले. त्यानंतर कोणी त्याला दोष दिला नाही, पण नावही पुन्हा त्याच्या हाती दिली नाही. आणि ज्या गोष्टीबद्दल बोलायचंच नाही, तिच्यात आपली चूक नव्हती, हे तो सांगणार तरी कोणाला?

आता पुढची कात आठ दिवसांवर आली होती. मधल्या वर्षांतला दोर झिजला होता आणि नावाडी काम सोडत होता, म्हणून त्याआधी नदीला नवा दोर हवा होता आणि नावेला नवा नावाडी. त्या सकाळी म्हाताऱ्याने ताकाचा तांब्या बाजूला ठेवला.

"पोरा, एक मागू का?"

"मागा ना, काका."

"चावडीवर माझ्यासाठी एक शब्द टाक. पाय लंगडा आहे, हात नाहीत लंगडे. डोळे मिटायच्या आधी गावाला एकदा तरी पलीकडे नेऊ दे मला. तुझा शब्द कोणी मोडायचं नाही."

ज्याच्यामुळे नाव गेली, त्याच्याकडेच म्हातारा शिफारस मागत होता.

घरी येऊन त्याने पहिल्यांदाच बायकोला सगळं सांगितलं. पीठ मळता मळता तिचे हात थांबले.

"आणि इतकी वर्षं मी थापलेल्या भाकऱ्या नेऊन देत होतात होय?"

"हो. तेवढं तरी करावं म्हटलं."

"भाकरी माझी, ताक म्हशीचं. त्यात तुमचं काय होतं?"

दोरवाला उठला, दोराचं एक वेटोळं खांद्यावर टाकलं आणि चावडीवर गेला. तरीही आधी त्याने सोपा रस्ताच धरून पाहिला. "नावाडीकाका चांगला माणूस आहे. नाव त्यांना द्या," तो म्हणाला.

कोणी खोकलं, कोणी छपराकडे पाहिलं. "चांगलाच आहे हो," एक जण म्हणाला, "पण नदीचं काम आहे, बाबा." का नको, हे कोणी बोललं नाही, आणि सगळ्यांना ते माहीत होतं. पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याने मान हलवली आणि उठण्यासाठी काठी चाचपली.

"काका, थांबा!" दोरवाला ओरडला. "बारा वर्षांपूर्वीचा दोर काकांनी कुजवला नव्हता. मी तो कुजक्या वाखाचाच वळला होता."

"गप्प बस!" गुरुजी ताडकन उठले. "जुन्या कातीतली गोष्ट! आणि ते करणारा तू नव्हतासच. तो बावीस वर्षांचा एक उतावळा पोरगा होता. त्याचं एक तरी नख तुझ्यात उरलंय का?"

"नाही उरलं, गुरुजी. मग काकांनी भोवऱ्यातून काढलं, ते पोरही दुसरंच ना? मी आज पोहतो, ते कोणाचं पोहणं? आईने अंगाई म्हटली ती कोणाला? तिची माया मी आपली म्हणून ठेवायची, आणि कुजका दोर तेवढा परक्याचा?"

"शब्दांचा खेळ पुरे. तेव्हापासून आजपर्यंत अखंड राहिलेली एक तरी गोष्ट तुझ्यात दाखव."

दोरवाल्याने खांद्यावरचं वेटोळं जमिनीवर टाकलं. "यातला एकही धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत जात नाही. एकेक धागा हातभर. एक संपायच्या आत दुसरा मिसळायचा आणि पीळ द्यायचा. तरी दोर एकच राहतो. तुम्ही म्हणता, इथे जुना संपला आणि इथे नवा सुरू झाला. बरं. नदीवरच्या दोरावर तिथेच विळा चालवतो. कोण बसतं नावेत?"

पुढे बसलेले दोघे-तिघे मागे सरकले. गुरुजींचाही आवाज खाली आला. "रीत माहीत आहे ना तुला? जुनी कात काढणाऱ्याने ती अंगावर घालायची. उद्यापासून गाव तुला तोच पोरगा समजेल. तुझे दोर कोणी घेणार नाही."

"समजू द्या. मी तोच आहे. ते केलं होतं, म्हणून तर आज वाखाचा धागा न् धागा तपासून घेतो."

म्हातारा काठी टेकत त्याच्यासमोर आला. त्याने काठी उचलली, तेव्हा लोकांना वाटलं, आता घालतो पाठीत.

"बारा वर्षं, लेका! रोज समोर बसायचास. एकदा तरी तोंड उघडायचंस!" त्याने काठी जमिनीवर आपटली. "मला तर वाटायला लागलं होतं, मीच वाळवला नसेल. रोज स्वतःलाच विचारायचो. वाळवला होतास का रे? खरंच वाळवला होतास का?"

दोरवाल्याने त्याचे पाय धरले.

"माफी आज मागू नकोस," म्हातारा म्हणाला. "आज मला रागावू दे. पुष्कळ साठलाय."

नाव कोणाला द्यायची, हे मग विचारावं लागलं नाही. पण दोर शेजारच्या गावातून आणू, असं काही जण म्हणाले. तेव्हा म्हातारा पुन्हा कडाडला, "नाव मी नेणार ना? मग दोर याच्याच हातचा. दुसरा कोणी चुकला तर विसरून जाईल. हा विसरणार नाही."

दोरवाल्याने तो दोर सात दिवस वळला. इतर कोणी त्या वर्षी त्याच्याकडून साधं दावंसुद्धा घेतलं नाही. घरात तंगी आली, तरी त्याला शांत झोप लागत होती.

आठव्या दिवशी गाव नदीवर जमलं. काहींनी कपडे पाण्यात सोडले, काहींनी मुकाट्याने घडी घालून काखोटीला मारले. नावेत मात्र कोणी पाय टाकेना. शेवटी दोरवाल्याची बायको पदर खोचून पुढे झाली. "सरका. वाख मी निवडलाय, मी बसते." तिच्यामागून दोरवाला चढला, मग एकेक करत बाकीचे.

म्हाताऱ्याने दोर धरला आणि नाव निघाली. तो दोरवाल्याशी एक शब्द बोलला नाही. मधोमध पाण्याची ओढ वाढली, दोर ताठ झाला, म्हाताऱ्याच्या दंडांच्या शिरा तटतटल्या. मग मान न वळवताच तो म्हणाला,

"बघत काय बसलास, गाढवा? लाव हात."

तात्पर्य एवढंच: माणूस बदलतो, आणि बदलायलाच हवा, पण जुन्या चुकीला जो 'माझी' म्हणतो, तोच खरा बदललेला.