साळिंदर आणि ओढ्यावरचा ओंडका

मुलांनो, एका दूरच्या जंगलात डोंगरमाथ्यावर प्राण्यांची महासभा भरत असे. प्रत्येक खोऱ्यातून एक प्रतिनिधी तिथे जाई आणि उन्हाळ्यात कोणत्या पाणवठ्यावर कोणी पाणी प्यायचे, हे तिथे ठरे. खालच्या खोऱ्याचे प्रतिनिधी असलेले म्हातारे अस्वल पावसाळ्यात वारले. त्याची जागा रिकामी झाली, म्हणून पोटनिवडणूक जाहीर झाली. डोंगर पक्षाने साळिंदराला उभे केले आणि नदी पक्षाने गव्याला.

साळिंदर मोठे कष्टाळू होते. दोन वर्षांपूर्वी वणव्यात ओढ्यापलीकडचे माळरान जळून गेले, तेव्हा त्याने महिनाभर राबून तिथल्या सशांना आणि मुंगसांना नवी बिळे खणून दिली होती. पण दुसऱ्याचे कौतुक त्याला मुळीच सहन होत नसे. गवा प्रचाराला निघाला की त्याची रुंद छाती आणि वळलेली शिंगे पाहायला सगळी पिल्ले धावत. साळिंदर झुडपाआडून बघत राही. कोण गव्याकडे पाहून हसले, कोणी त्याला रामराम केला, हे सारे त्याच्या मनात रुतून बसे. रात्री जेवणही गोड लागत नसे.

त्या वर्षी भाद्रपदात ओढा दुथडी भरून वाहू लागला. मतदान अलीकडच्या काठावर, चिंचेखाली व्हायचे होते. पलीकडच्या लहान प्राण्यांनी यायचे कसे? गव्याने उन्मळून पडलेला एक ऐनाचा ओंडका शिंगांनी ढकलत आणला आणि ओढ्यावर आडवा टाकला. वानरांनी तो काठावरच्या झाडांना वेलींनी घट्ट बांधला. झाले! ससे टुणटुण उड्या मारत ये-जा करू लागले. "गवादादांनी फार चांगलं काम केलं हो!" असे जो तो म्हणू लागला.

साळिंदराचा प्रचार करणारी टिटवी त्याला म्हणाली, "साळिंदरदादा, तुम्ही काळजी करू नका. मी पलीकडे घरोघर फिरून आले. ती मतं तुमचीच आहेत."

"माझी आहेत, तर मग ते त्याचे गोडवे का गातायत?" साळिंदर फणकारले.

"वाट करून दिली, म्हणून चांगलं बोलतात. एवढंच."

"आणि मी महिनाभर माती उपसली, नखं झिजवली, ते कोणाला आठवतं? बिळं जमिनीखाली असतात. ती कोणाला दिसतात? ओंडका सगळ्यांना दिसतो!"

टिटवीने पुष्कळ समजावले, पण साळिंदराच्या कानात फक्त गव्याचे नाव घुमत होते. मतदानाच्या आदल्या दिवशी भर दुपारी सगळे प्राणी सावलीत पेंगत होते. साळिंदर हळूच काठावर गेले आणि त्याने आपल्या दातांनी एकेक वेल कुरतडली. ओंडका गरकन फिरला आणि पाण्याच्या लोंढ्याबरोबर दिसेनासा झाला. संध्याकाळी साळिंदरच सगळ्यांना सांगत सुटले, "बघितलंत गव्याचं काम? चार दिवससुद्धा टिकलं नाही!" बिचारा गवा दुसरा ओंडका शोधत अंधार पडेपर्यंत हिंडला, पण तेवढा लांब ओंडका काही मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी मतदान झाले. प्रत्येकाने आपल्या पसंतीच्या उमेदवारापुढे एक चिंचोका टाकला. सूर्य मावळताच म्हाताऱ्या कासवाने दोन्ही ढीग सावकाश मोजले आणि जाहीर केले, "गव्याला चौसष्ट मतं, साळिंदराला सत्तावन्न. गवा निवडून आला."

साळिंदर बिळात जाऊन बसले. गव्याच्या जयजयकाराचा आवाज तिथेही येत होता.

आठ दिवसांनी ओढा उतरला. पलीकडचा एक वयस्कर ससा दगडांवरून वाट काढत त्याला भेटायला आला. "दादा, आम्हाला माफ करा," तो म्हणाला. "आम्ही एकेचाळीस जण पहाटेपासून तोंडात चिंचोके धरून काठावर उभे होतो. पण पाण्यात उतरायची कोणाची हिंमत झाली नाही."

साळिंदराला खरेच वाटेना. "पण तुम्ही तर त्या गव्याचं कौतुक करत होता!"

"कौतुक केलं, कारण काम चांगलं होतं. मत मात्र तुम्हालाच द्यायचं, हे आमचं केव्हाच ठरलं होतं. माझी नातवंडं तुम्ही खणलेल्या बिळात जन्मली, दादा. ते विसरू होय?" सशाने सुस्कारा टाकला. "वेली कोणीतरी कुरतडल्या होत्या म्हणे. कोणाला सुचलं असेल हो असं?"

साळिंदराने खाली मान घातली. ते पुटपुटले, "मलाच."

ससा त्याच्याकडे बघत राहिला. तो वळला आणि आला तसाच दगडांवरून हळूहळू परत गेला.

तात्पर्य : दुसऱ्याला मिळालेल्या कौतुकाने आपला वाटा कमी होत नाही, पण ते हिरावून घ्यायला निघालेला मत्सरी आपल्यावर माया करणाऱ्यांचीच वाट तोडून बसतो.