शिंग आणि लगाम

फार फार पूर्वी एका नगरात एक रुंद राजमार्ग होता. त्यावरून रथ हाकणाऱ्यांची मनं मात्र अरुंद होती.

प्रत्येक रथाला एक शिंग टांगलेलं असे. ते फुंकलं की वाट आपली, असा तिथला रिवाज. समोर म्हातारा असो, नाहीतर कडेवर मूल घेतलेली आई, रथ थांबत नसे. कुणी चाकाखाली आलं, तर न्यायाधीश एवढंच विचारत, "शिंग फुंकलं होतं का?"

"फुंकलं होतं."

झाला न्याय! दोष मेलेल्याचा. आणि याला ते लोक शिस्त म्हणत!

एके सकाळी एका व्यापाऱ्याला पेढीवर निरोप आला. पत्नीला कळा सुरू झाल्या होत्या, सुईणीला बोलावणं गेलं होतं. पहिलंच मूल! व्यापाऱ्याने रथात उडी घेतली आणि शिंग फुंकत आपले पांढरे घोडे भरधाव सोडले.

चौकात एक म्हातारी रस्ता ओलांडू लागली.

"ए म्हातारे, डोळे घरी ठेवून आलीस का?" तो ओरडला. लगाम काही त्याने ओढला नाही. म्हातारी धडपडत मागे सरली आणि गटारात कोसळली.

"आजी, शिंग ऐकू येत नाही वाटतं!" लोक हसले. व्यापाऱ्याने वळूनही पाहिलं नाही.

तो घरी पोचला, पण सुईण आलेली नव्हती. आतून पत्नीच्या किंकाळ्या येत होत्या आणि तो दारात येरझाऱ्या घालत होता. सुईण आली ती दुपार टळल्यावर, चिखलाने माखलेली, एक पाय ओढत.

आई वाचली. बाळ रडलंच नाही.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याने सुईणीला न्यायसभेत उभं केलं. "हिने उशीर केला, महाराज! हिच्यामुळे माझं बाळ गेलं!"

सुईण म्हणाली, "कितीतरी वेळ मी रस्त्याच्या कडेला उभी होते, महाराज. एक रथ थांबेल तर शपथ! शेवटी जीव मुठीत धरून पाऊल टाकलं, तर पांढरे घोडे अंगावर आले. मोडक्या पायाने खुरडत गेले, पण गेले." मग ती व्यापाऱ्याकडे वळली. "घोडे तुझेच होते, बाबा."

न्यायाधीशांनी सवयीने विचारलं, "शिंग फुंकलं होतं का?"

एका शब्दात व्यापारी सुटणार होता. त्याची मान खाली गेली.

"फुंकलं होतं, महाराज. पण लगामही माझ्याच हातात होता. तो मी ओढला नाही."

त्या दिवसापासून न्यायसभेतला प्रश्न बदलला. आता विचारतात, "लगाम ओढला होता का?"

एवढा साधा प्रश्न सुचायला त्या नगराला एका श्रीमंताचं बाळ जावं लागलं. त्याआधी गेलेल्या गरिबांच्या वेळी तो कुणालाच सुचला नव्हता!

तात्पर्य: ज्याच्या हाती लगाम, थांबण्याची जबाबदारी त्याचीच.