परत पाठवलेली मदत

एकदा एक मोठी सॉफ्टवेअर कंपनी वेंगुर्ल्याच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे भरघोस मदत घेऊन आली, आणि मदतीची नितांत गरज असूनही त्या प्राध्यापकांनी ती परत पाठवली.

केळुस्कर सर कॉलेजात गणित शिकवत. वीस वर्षांपूर्वी त्यांनी एक छोटी संगणक-प्रणाली लिहिली होती. तिचे काम एवढेच, की मराठी नावांची यादी दिली तर ती अकारविल्हे लावून द्यायची. ऐकायला हे सोपे वाटते. पण जोडाक्षरांचे काय करायचे, अनुस्वार कुठे धरायचा, ‘ळ’ आणि ‘क्ष’ यांची जागा कोणती, हे संगणकाला तोवर कोणी नीट सांगितलेच नव्हते. सरांनी ते सांगितले, आणि प्रणाली ‘ओपन सोर्स’ म्हणून इंटरनेटवर ठेवून दिली. म्हणजे तिची आतली रचना कोणीही वाचावी, वापरावी, हवी तशी बदलावी आणि पुढे द्यावी. हळूहळू शाळांच्या हजेऱ्या, ग्रंथालयांच्या याद्या, रुग्णालयांच्या नोंदी तिच्यावर चालू लागल्या. तिच्यामागे वेंगुर्ल्यातले एक वृद्ध गृहस्थ आहेत, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक होते.

हेमांगी तांडेल ही त्यांची विद्यार्थिनी. आता ती स्वतः त्याच कॉलेजात संगणक शिकवत होती आणि गेली आठ वर्षे सरांच्या बरोबरीने प्रणालीची देखभाल करत होती. कुठून कुठून तक्रारी यायच्या. त्या वाचायच्या, चूक शोधायची, दुरुस्त करायची. पुढे सरांना काचबिंदू झाला. डॉक्टरांनी बजावले, की पडद्यासमोर दिवसाकाठी एक तास, त्याहून अधिक नाही. तेव्हापासून सारा भार हेमांगीवर आला. दोनशेच्या वर तक्रारी तुंबल्या. ती कोणापाशी बोलत नसे, पण मनात भीती घर करून होती: उद्या मी आजारी पडले, तर हे कोण बघणार?

अशा वेळी पुण्याहून त्या कंपनीचे पत्र आले. कंपनी ही प्रणाली कित्येक वर्षे वापरत होती. तिने स्वतःपुरती एक प्रत काढून तीत पुष्कळ सुधारणाही केल्या होत्या. ‘ओपन सोर्स’च्या परवान्यात त्याला मुभा होतीच. पत्रात लिहिले होते, “आजवर आम्ही नुसते घेत आलो. यापुढे या समुदायाचे सभासद होऊन परतही देऊ इच्छितो.” आणि सोबत त्या सगळ्या सुधारणा एकगठ्ठा पाठवल्या होत्या. संगणकाला द्यायच्या सूचनांच्या तीस हजार ओळी.

हेमांगीच्या डोळ्यांत पाणी आले. “सर, आपण सुटलो!”

सर म्हणाले, “वाचून दाखव.”

दोन दिवस ती जमेल तेवढे वाचत होती आणि सर डोळे मिटून ऐकत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला उत्तर लिहायला सांगितले. सगळ्यांना दिसेल अशा जागी ते टाकायचे होते: “आपले मनःपूर्वक आभार. हे काम आम्हांला असे स्वीकारता येत नाही. एका बैठकीत एका माणसाला समजेल एवढाले तुकडे करून पाठवावे. सर्वांत लहान तुकडा आधी.”

हेमांगीचा हात थबकला. पण सरांचा शब्द तिने कधी मोडला नव्हता. तिने ते लिहिले.

आठवड्याभरात कंपनीचे एक उपाध्यक्ष स्वतः वेंगुर्ल्याला आले. गृहस्थ सभ्य होते, पण दुखावलेले दिसत होते.

“प्राध्यापकसाहेब, नऊ जणांचे चार वर्षांचे काम आहे ते. तुम्हांला आमची मदत नको आहे का?”

“हवी आहे,” सर म्हणाले. “म्हणूनच परत केली.”

“मला समजलं नाही. तुकडे करायला आमचे सहा महिने जातील. तसं असेल तर आम्ही आमची प्रत घेऊन वेगळे होऊ. मग निम्मे लोक आमच्याकडे येतील.”

“जरूर व्हा. परवाना त्यासाठीच दिलेला आहे. तुमच्याबद्दल माझ्या मनात काहीही वाकडं येणार नाही.”

उपाध्यक्षांनी सोलकढी घेतली, नमस्कार केला आणि ते गेले. गाडी वळणाआड गेल्यावर हेमांगीचा बांध फुटला.

“सर, माफ करा, पण हा हट्ट झाला. तुम्हांला एक तास बसता येतं. मी एकटी आहे. कॉलेज सांभाळून पहाटे उठून बसते मी. आणि दारात आलेल्या माणसाला तुम्ही...”

“तू दमली आहेस, हे मला दिसतंय,” सर शांतपणे म्हणाले. “थोडी वाट बघ.”

तीन आठवडे काहीच आले नाही. हेमांगीने सरांकडे जाणे कमी केले. गेली तरी कामापुरते बोलायची.

मग एका सकाळी कंपनीकडून पहिला तुकडा आला. अवघ्या सात ओळी. पाठवणाऱ्याचे नाव होते इरफान मुजावर. खाली त्याने लिहिले होते, “उपाध्यक्षांनी एक तुकडा पाठवून बघायला सांगितले आहे. मी मूळचा कऱ्हाडचा. गोऱ्हे, कऱ्हाडकर, वऱ्हाडे अशी नावे यादीत भलत्याच जागी जातात. ती यामुळे जागेवर येतील.”

हेमांगी ताडकन उठली. याच नावांबद्दल शाळांच्या मास्तरांच्या अकरा तक्रारी तिच्याकडे पडून होत्या, आणि त्यांवरचा उपाय कंपनीच्या प्रतीत चार वर्षे नुसता पडून होता. तिने त्या सात ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या, आणि दुपारपर्यंत तिला त्यांत एक खोट सापडली. हा ‘ऱ’ दोन रीतींनी टाइप होतो. नव्या फोनवर एका, जुन्या संगणकांवर दुसऱ्या. डोळ्यांना अक्षर एकच दिसते, संगणकाला मात्र दोन वेगळी वाटतात. इरफानने त्यांतली एकच रीत धरली होती. तिने तसे लिहिले. लिहिताना जरा धाकधूक वाटली; एवढ्या मोठ्या कंपनीचा माणूस, चारचौघांत चूक दाखवलेली खपवून घेईल का?

तासाभरात उत्तर आले. “ताई, तुमचं बरोबर आहे. म्हणजे आमच्या सगळ्या ग्राहकांकडे ही चूक चार वर्षे चालू आहे! उद्या सुधारून पाठवतो. जुन्या संगणकांबद्दल अजून काय काय बघायला हवं, ते सांगाल?”

दुसऱ्या दिवशी त्याने सुधारून पाठवले. त्यावर बेळगावच्या एका ग्रंथपालांनी आणखी एक बारकावा सुचवला, तोही इरफानने घातला. मग हेमांगीने तुकडा स्वीकारला, मास्तरांच्या अकराही तक्रारी मिटवल्या आणि संध्याकाळी ती सरांकडे गेली. बऱ्याच दिवसांनी ती खुर्ची ओढून निवांत बसली. तिने सारे सांगितले.

सर ऐकत होते. मग म्हणाले, “या सात ओळी त्या तीस हजारांत होत्याच, हेमांगी. चुकीसकट. आपण तो गठ्ठा तसाच आत घेतला असता, तर चूक ना तुला कळली असती, ना त्यांना. आणि पुढे काही बिघडलं की आपण पुण्याकडे तोंड करून बसलो असतो. उद्या कंपनीचं धोरण पालटलं, ते नऊ जण दुसऱ्या कामाला लागले, तर या प्रणालीच्या पोटात काय आहे, हे कोणाला कळणार होतं? आपल्याला तर नाहीच. मी ओळींची वाट बघत नव्हतो गं, मी माणसांची वाट बघत होतो. आज एक जण आला. चुकला, सर्वांसमोर ऐकून घेतलं, सुधारून आला, आणि वर तुलाच विचारून गेला की अजून काय बघू. तो आता कंपनीचा आहे तितकाच आपलाही आहे.”

हेमांगी म्हणाली, “हे मला तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर तू मान डोलावली असतीस,” सर हसले, “आणि चिडलेलीच राहिली असतीस.”

त्यानंतर तुकडे येत राहिले. उपाध्यक्षांनी इरफानला आणि आणखी दोघांना रोजचा अर्धा दिवस या कामासाठी मोकळा करून दिला. चार वर्षांची चूक एका दुपारी सापडल्याचे त्यांच्याही ध्यानात आले होते. काही तुकडे हेमांगीने नाकारले, काहींवर आठवडाभर वाद झाले. एकदा तर इरफानने हेमांगीचीच चूक दाखवली. ती हसली आणि तिने सुधारली. दिवाळीपर्यंत तक्रारी वीसवर आल्या. मग सरांच्या सांगण्यावरून तिने इरफानला बदल स्वीकारण्याचा अधिकार दिला. तो देताना तिचा हात थबकला नाही.

माघात सरांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली. रुग्णालय गोव्यात होते. सरांना आत नेल्यावर हेमांगी बाहेर बाकावर बसली, तोच तिचा फोन वाजला. साताऱ्याजवळच्या एका रुग्णालयातून तक्रार आली होती: नव्या बदलानंतर रुग्णांची यादी उघडतच नाही. लॅपटॉप वेंगुर्ल्याला राहिला होता. कोणाला फोन करावा, इथे जवळपास कुठे संगणक मिळेल, याचा विचार करत ती उठून उभी राहिली. तेवढ्यात त्या तक्रारीखाली इरफानचे उत्तर दिसले. बदल त्याने मागे घेतला होता. पाठोपाठ बेळगावच्या ग्रंथपालांनी तपासून बघून लिहिले, की यादी उघडते आहे. शेवटी त्या रुग्णालयातून दोन शब्द आले: “चालू झालं.”

तिने फोन पिशवीत ठेवला आणि भिंतीला टेकून बसली. पंधरा-वीस मिनिटांत तिला तिथेच गाढ झोप लागली. परिचारिकेने खांद्याला हात लावून उठवले, तेव्हा सरांना बाहेर आणले होते. एका डोळ्यावर पट्टी होती.

“काही आलं होतं का गं?” त्यांनी विचारले.

“आलं होतं, सर.”

“मग?”

“मी उठून उभी राहीपर्यंत त्यांनी मिटवलंसुद्धा.”

सरांनी मान हलवली आणि तिचा हात धरून ते सावकाश चालू लागले.