हाइडब्रोकच्या उघड्या खिडक्या

उत्तर जर्मनीतल्या हाइडब्रोक गावाबाहेर, जुन्या लष्करी बराकींच्या मागे, एक तळं आहे. कुणी परकारानं आखावं इतकं गोल. त्याचं पाणी थंडीत गोठत नाही, असं पाहुण्यांना आवर्जून सांगतात. ते काही खरं नाही, कडक थंडीत गावातली मुलं त्यावर घसरगुंडी खेळतात. पण तळं पाहायला आलेल्या माणसाला गावकरी पुढं जे सांगतात, त्यावर मात्र हाइडब्रोकमध्ये कुणी शंका घेत नाही.

ही हकिकत गेशे टीमान नावाच्या सुईणीची. महायुद्ध संपून दुसरा हिवाळा चालू होता. त्या हिवाळ्यासारखा हिवाळा त्या मुलखानं पुन्हा पाहिला नाही, असं म्हणतात. नद्या तळापर्यंत गोठल्या, बटाटे तळघरात दगड झाले, दलदलीतून कापून वाळवलेली, कोळशासारखी जळणारी मातीची ढेकळं जाळून लोक दिवस काढत होते. ढेकळं संपली तेव्हा कुंपणं जाळली. पूर्वेकडून पळून आलेली निर्वासित कुटुंबं शाळेत, गोठ्यांत, पोटमाळ्यांवर दाटीनं राहत होती. आणि गावाबाहेरच्या बराकींमध्ये, जिथं पूर्वी जर्मन पलटण असे, तिथं आता इंग्रजांची पलटण होती.

बराकी पुरेनात म्हणून त्या पलटणीनं गावातली काही चांगली घरंही ताब्यात घेतली होती. त्यात गेशेचं घर होतं. तिला मागच्या अंगणातली कपडे धुण्याची खोली मिळाली. तिथून तिला आपल्याच स्वयंपाकघराची खिडकी दिसे, आपल्याच चुलीवर आपल्याच भांड्यात परक्या माणसांचा चहा उकळताना दिसे. घरात राहणारा सार्जंट आर्थर पेनरोझ रोज सकाळी तिला टोपीला हात लावून नमस्कार करी. गेशे मान वळवून घेई. तिची एकुलती एक मुलगी आंत्ये हांबुर्गला नोकरीला होती आणि तिथंच इंग्रज विमानांच्या बाँबखाली गेली होती. तिचं थडगंसुद्धा नव्हतं. आपल्या फौजेनं दुसऱ्यांच्या गावांत काय केलं, ते तेव्हा हाइडब्रोकमध्ये कुणी बोलत नसे. जो तो आपलंच दुःख पोटाशी धरून बसला होता. दीड वर्षात गेशे त्या सार्जंटशी एक शब्द बोलली नव्हती.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी बराकींच्या मागच्या टेकडीतून धूर येऊ लागला. त्या टेकडीच्या पोटात जर्मन फौजेनं बांधलेलं दारूगोळ्याचं भुयार होतं. जाताना ती फौज ते तसंच भरलेलं टाकून गेली होती, आणि इंग्रज ते थोडं थोडं रिकामं करत होते. आग कशी लागली, ते आजवर कुणालाच कळलेलं नाही. लोखंडी दार तापून लाल झालं होतं, जवळ जाणं शक्य नव्हतं. इंग्रज अधिकाऱ्यानं हुकूम दिला की सगळ्यांनी गाव सोडून पलीकडच्या माळावरच्या टेकाडामागं जावं. आणि जाताना घरांची दारं, खिडक्या सताड उघड्या ठेवाव्यात. बंद खिडकीची काच धक्क्यानं फुटते, उघड्या खिडकीची बहुतेक वाचते. फुटली तर नवी काच साऱ्या जर्मनीत मिळायची नाही, आणि बिनकाचेच्या घरात हा हिवाळा निघायचा नाही.

हुकूम सगळ्यांनी ऐकला, पण मानला कुणी नाही. दीड वर्षात या सैनिकांनी घरं घेतली होती, रेडिओ नेले होते, शस्त्रं शोधायला कपाटं उपसली होती. आता गाव रिकामं करायचं, दारं उघडी टाकायची आणि आपण माळावर उभं राहायचं? लोकांना त्यात डाव दिसला. प्रत्येकानं दार लावलं, झडपा ओढल्या, कुलूप घातलं.

गेशे त्या वेळी शाळेच्या मागच्या खोलीत होती. एर्ना नावाची पूर्व प्रशियातून आलेली एक तरुण बाई तिथं पहाटेपासून अडली होती. मूल पायाळू होतं. इंग्रजांनी स्ट्रेचर आणि गाडी पाठवली, पण तोवर पाय बाहेर आले होते. अशा वेळी बाईला उचलून खडबडीत रस्त्यावरून न्यायचं म्हणजे दोघांनाही मारायचं. गेशेनं गाडी परत पाठवली आणि आपण जात नाही म्हणून सांगितलं.

ही बातमी गावात पसरली, तसे लोक जाता जाता शाळेपाशी थांबू लागले. गेशे राहणार आहे ना, मग चाव्या तिच्याकडं असू द्या. गावातलं हे एकच माणूस इंग्रजांना कधी दार उघडून देणार नाही, याची सगळ्यांना खात्री होती. प्रत्येक चावीला लाकडाची चकती बांधलेली, चकतीवर घराचा नंबर डागलेला. हिनरिक मायबोम, गावचा लोहार, त्यानं सगळ्या चाव्या एका तारेत ओवल्या आणि तिच्या एप्रनच्या खिशात टाकल्या.

"कुणालाही देऊ नकोस," तो म्हणाला.

"माझ्या अंगावर आहेत त्या," गेशे म्हणाली.

मग गाव रिकामं झालं. कुत्रीसुद्धा गेली. गेशेनं एर्नाची गादी खिडकीखाली भिंतीलगत ओढली, खिडकी उघडली आणि तिच्यावर रजई टांगली. खोलीत श्वासाची वाफ दिसत होती. टेकडीतून मधूनच एखादा बार फुटे, जमीन थरथरे, आणि पुन्हा सगळं गप्प होई. दर वेळी एर्ना डोळे मिटे. गेशे तिला म्हणे की तिकडं लक्ष देऊ नकोस, मी सांगेन तेव्हाच जोर कर. तिचा आवाज शांत होता, पण आतून ती प्रत्येक बार मोजल्यासारखी ऐकत होती, असं तिनंच पुढं सांगितलं होतं म्हणे.

मूल कमरेपर्यंत आलं आणि अडलं. एक हात वर गेला होता. गेशेनं बाह्या सारल्या आणि तो हात सोडवायला सुरुवात केली. नेमक्या त्याच वेळी दारात सार्जंट पेनरोझ येऊन उभा राहिला.

त्याला गाव रिकामं आहे की नाही, एवढंच पाहून माळावर परतायचं होतं. पण गावातून येताना त्यानं बंद झडपा पाहिल्या, कुलपं पाहिली. त्याचा बाप इंग्लंडमधल्या एका खाणीच्या गावात राहत होता, आणि खाणीतल्या एका स्फोटानंतर काचा गेलेल्या घरांत म्हातारी माणसं कशी गारठली, ते त्यानं लहानपणी पाहिलं होतं, असं सांगतात. त्याला जर्मन भाषा जेमतेम येत होती. तो दारातच पाठ करून उभा राहिला, एर्नाकडं न बघता.

"फ्राऊ टीमान," तो म्हणाला. "घरं बंद. काचा सगळ्या जाणार. चाव्या द्या."

गेशेची बोटं बाळाच्या खांद्याशी होती. टेकडीत काहीतरी मोठं कोसळल्याचा आवाज झाला, छतावरून चुन्याची भुकटी पडली.

"मला नको काही," तो म्हणाला. "फक्त खिडक्या."

गेशेच्या डोक्यात त्या क्षणी काय चाललं होतं, ते तिनं म्हातारपणी एकदाच बोलून दाखवलं. तिला आंत्ये आठवली. या माणसावर विश्वास ठेवला तर आपण आंत्येशी बेइमानी करू, असं तिला वाटलं. आणि लगेच वाटलं की हातात आहे ते मूल आज जन्मलं, तर उद्या त्याला निजवायचं कुठं? साऱ्या गावात एकही खोली उबदार राहणार नसेल, तर याला बाहेर तरी कशाला काढायचं? हिनरिकला दिलेला शब्दही तिला आठवला. तो तिनं बाजूला ठेवला.

"माझे हात मोकळे नाहीत," ती म्हणाली. "एप्रनच्या खिशात आहेत. घ्या."

दीड वर्षातलं तिचं ते पहिलं बोलणं. सार्जंट उलट्या पावली आला, गुडघ्यावर बसला आणि तोंड फिरवून त्यानं तिच्या खिशात हात घातला. चाव्यांचा जुडगा त्यानं तिला दिसेल असा वर धरला, आणि तो धावत सुटला.

माळावरच्या टेकाडावरून सगळं गाव दिसत होतं. लोकांनी पाहिलं की एक खाकी माणूस पहिल्या घराचं दार उघडून आत शिरला. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. त्याच्या हातात चाव्या आहेत, हे कुणाच्या तरी तीक्ष्ण नजरेनं टिपलं. माणसांमध्ये कुजबुज झाली. गेशेला त्यानं काय केलं असेल, या विचारानं बायका रडू लागल्या. हिनरिक लोहार खाली धावायला निघाला, त्याला चौघांनी धरून ठेवलं. इंग्रज अधिकारी दुर्बिणीतून बघत होता आणि परत फिर म्हणून हवेत बंदुकीचे बार काढून इशारे करत होता. पण तो माणूस थांबेना. घरात शिरे, आणि थोड्या वेळानं एक एक झडप उघडे, एक एक खिडकी बाहेर ढकलली जाई. वाऱ्यानं आपटू नये म्हणून तो प्रत्येक खिडकीची कडी आकड्यात अडकवी. मग दार उघडं टाकून बाहेर येई, चाव्यांखेरीज हात रिकामेच. हळूहळू टेकाडावरची कुजबुज थांबली. हिनरिकला धरलेल्या चौघांनी हात सोडले, पण आता तो जागचा हलला नाही.

शाळेत मूल जन्माला आलं. मुलगी होती, निळी पडलेली, आवाज नाही. गेशेनं तिला पालथी धरली, पाठ चोळली, तिच्या तोंडात फुंकर घातली. पुन्हा चोळली. आणि त्या पोरीनं पहिला टाहो फोडला न फोडला, तोच टेकडी उडाली.

तो आवाज किती दूर ऐकू गेला याच्या निरनिराळ्या गोष्टी सांगतात. बराकींची छपरं उचलली गेली. खिडकीवरची रजई खोलीभर उडाली आणि गेशे आई-लेकीवर पालथी पडली. ती उठली तेव्हा तिच्या केसांत बर्फ आणि माती होती. खिडकीची काच शाबूत होती. पोर रडत होती.

लोक परत आले तेव्हा गावभर दारं उघडी, बिछान्यांवर बर्फाची भुकटी, आणि काचा जागच्या जागी. काही तडकल्या होत्या, पण बहुतेक वाचल्या होत्या. प्रत्येक दाराच्या कुलपात त्या त्या घराची चावी लावलेली होती. कपाटातला एक चमचा हललेला नव्हता. एकाच घराच्या साऱ्या काचांचा चुरा झाला होता. ते गेशेचं घर. त्यात पेनरोझ स्वतः राहत होता, आणि ते त्यानं शेवटी ठेवलं होतं. त्याच्याच पायरीवर तो सापडला, दोन्ही कानांतून रक्त येत होतं. हिनरिकनं त्याला पाठुंगळी घेऊन गाडीपर्यंत नेलं.

तो वाचला. पण ऐकू येणं कायमचं गेलं.

वसंतात पलटणीला दुसरीकडं जायचा हुकूम आला, घरं परत मिळायची झाली. पेनरोझ इस्पितळातून आपलं सामान न्यायला आला. गेशेच्या धुण्याच्या खोलीपाशी येऊन त्यानं नेहमीसारखा टोपीला हात लावला आणि घराची चावी पुढं केली. गेशेनं या वेळी मान वळवली नाही. त्याला काय म्हणायचं, याची तिनं बरेच दिवस मनाशी तयारी केली होती. ती बोलू लागली. त्यानं कानाला हात लावला आणि मान हलवली. ती पुन्हा बोलली, मोठ्यानं. तो कसनुसा हसला. तो तिचे ओठ बघत होता, पण ती भाषाच त्याला धड येत नव्हती.

मग गेशे त्याच्या हातातली चावी घेऊन अंगण ओलांडून आपल्या घरात गेली. खिडक्यांना काचांच्या जागी फळ्या ठोकल्या होत्या. तिनं पहिली खिडकी उघडली आणि कडी आकड्यात अडकवली. मग दुसरी. मग माडीवरची, आंत्येच्या खोलीची. पेनरोझ अंगणातून बघत होता. त्यानं टोपी काढली.

शेजारणीनं ते पाहिलं आणि आपली खिडकी उघडली. मग समोरच्या घरानं. पलटणीच्या गाड्या गल्लीतून निघाल्या तेव्हा पार लोहारशाळेपर्यंत हाइडब्रोकचं एक दार, एक खिडकी बंद नव्हती. बाहेर अजून झोंबरं वारं होतं. लोक उंबरठ्यांवर उभे होते आणि कुणी काही बोलत नव्हतं. ज्याला ऐकू येणार नाही, त्याच्यासाठी बोलायचं तरी काय?

तो पुन्हा कधी आला नाही. तो त्याच्या मुलखात घड्याळं दुरुस्त करायचा, असं कुणी म्हणतात. कुणी म्हणतात की त्याचं पुढं काही कळलंच नाही. टेकडीच्या जागी पडलेल्या खड्ड्यात जमिनीखालचं पाणी भरलं, तेच हे तळं.

आजही फेब्रुवारीतल्या त्या दिवशी सकाळी हाइडब्रोकची माणसं घराच्या साऱ्या खिडक्या उघडतात, कड्या अडकवतात, दारात चावी लावून ठेवतात आणि माळावरच्या टेकाडावर जातात. जाताना, तिथं उभं असताना आणि परतताना कुणी एक शब्द बोलत नाही. गावात नव्यानं राहायला आलेली माणसं पहिल्या वर्षी कुलूप घालून जातात. त्यांना कुणी टोकत नाही. ती टेकाडावर सगळ्यांबरोबर थंडीत उभी राहतात, खाली पसरलेलं उघडं गाव बघतात, त्यात आपलं एकट्याचं बंद घर बघतात. पुढच्या वर्षी ती कुलूप घालत नाहीत.