मळका स्पंज आणि चकचकीत मोटर

माशांच्या टाकीतल्या वस्तूंनाही वाचा होती, तेव्हाची गोष्ट. खाऱ्या पाण्याच्या एका टाकीत एक जोकर मासा आपल्या अंड्यांना परांनी वारा घालून थकला होता. पिल्लं उद्या बाहेर येणार होती आणि घाण पाण्यात ती जगणार नव्हती. म्हणून त्याने सफाईच्या जागेसाठी उमेदवार बोलावले.

पाणी ओढून गाळणारी नवी मोटर घरघरत म्हणाली, "साहेब, समोर येईल ते मी ओढून घेते. काही शिल्लक ठेवत नाही."

"आणि पिल्लू समोर आलं तर?"

"कामात मी भेदभाव करत नाही!"

कोपऱ्यातला जुना, तपकिरी स्पंज म्हणाला, "दादा, मला स्वतःला काही येत नाही. माझ्या भोकांत जिवाणूंची बिऱ्हाडं आहेत. पाण्यातलं विष तेच पचवतात. मी फक्त जागा देतो."

"मग ती जागा तरी स्वच्छ ठेव!" मोटर हसली. "साहेब, याला आधी नळाखाली खळखळून धुवा."

"नको गं बाई," मासा म्हणाला. "नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने बिऱ्हाडं मरतील आणि हा तुझ्याइतकाच चकचकीत होईल."

दुसऱ्या दिवशी पिल्लं स्पंजाभोवती बागडू लागली. मोटर फळीवर आजही चकचकीत आहे. तिला मळायचा योगच आला नाही.