न सुटणारी फळी

"आन् ही सुटती कशी?" उस्तादांनी विचारलं.

"सुटत नाही, उस्ताद," विभास म्हणाला. "तीच तर खुबी आहे."

उस्तादांनी फळी मांडीवर घेतली. उलटी केली. पुन्हा सुलटी केली.

...

ही फळी म्हणजे स्नोबोर्डची नक्कल. बर्फावरून घसरायचा खरा स्नोबोर्ड लांब, जड आणि कडक असतो. तो पायाला बांधून ट्रॅम्पोलिनवर उड्या मारल्या तर आधी कापड फाटेल आणि मग माणूस. म्हणून सरावासाठी विभासने ही वेगळी बनवली होती. आखूड, हलकी, आत दाट फोम, कडा गोल, वरून कापडी खोळ. पावलं अडकवायला वेलक्रोचे पट्टे, एकेका पावलाला तीन-तीन.

मिरजेत बर्फ बघायचा तर रसवंतीवर जावं. पण विभासच्या बहिणीची मुलगी कस्तुरी दोन वर्षांमागे कॉलेजच्या शिबिराला काश्मीरला गेली आणि येताना स्नोबोर्डचं खूळ डोक्यात घेऊन आली. खूळही साधंसुधं नाही, मुलगी खरंच चांगली निघाली. आता बारा दिवसांनी तिची निवड चाचणी होती. तिथे हवेत गिरकी घेऊन उतरून दाखवायचं होतं. इथे सराव झाला नाही, तर तिची पहिली गिरकी थेट दगडासारख्या बर्फावर होणार होती.

आणि मिरजेत ट्रॅम्पोलिन होतं ते एकाच माणसाकडे.

शमसुद्दीन शिकलगार. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. तीस वर्षं सर्कशीत उड्या मारल्या आणि मारायला शिकवल्या. सर्कस बंद पडली तेव्हा मालकाकडून त्यांनी दुसरं काही मागितलं नाही, ट्रॅम्पोलिन तेवढं मागून घेतलं. कापसाच्या एका बंद जिनिंगच्या शेडमध्ये ते मांडलं. त्याच्या ताणलेल्या कापडाला ते चादर म्हणत आणि तिच्यावर कुणालाही चपला घालून चढू देत नसत. पोरं पडतील तिथे झटकन सरकवायला एक जाड गादी कायम त्यांच्या हाताशी असे.

विभास लहानपणी याच चादरीवर कोलांट्या शिकला. पुढे इंजिनिअर झाला, चिंचवडच्या कारखान्यात गाड्यांच्या सीट बनवायला लागला. फोममधलं त्याला जेवढं कळतं तेवढं साऱ्या जिल्ह्यात कुणाला कळत नाही, असं तो स्वतःच सांगायचा. ते खोटं होतं असंही नाही.

फळीच्या पोटाला मधोमध ॲल्युमिनियमची चकचकीत पट्टी होती. चार रिव्हेट मारून बसवलेली. तिच्यावर कोरलं होतं : रचनाकार विभास तांबवेकर.

उस्तादांनी त्या पट्टीवरून अंगठा फिरवला.

"भ्या वाटतं का तुला हिचं?"

"भीती? छे! ऐंशी किलोचं वाळूचं पोतं बांधून दोनशे वेळा आपटलीय. पट्टा तसूभर सरकला नाही. शंभर टक्के खात्री आहे माझी."

"जरासुदिक न्हाई वाटत?"

"अजिबात नाही."

"मग ने परत," उस्ताद म्हणाले आणि फळी त्याच्या हातात दिली.

...

विभासला राग आला. आपल्याला राग आलाय हे उस्तादांना दिसतंय, याचा आणखी आला.

"उस्ताद, कस्तुरी बाहेर बसलीय. तिच्याकडे बारा दिवस आहेत."

"आत का आली न्हाई?"



का आली नाही ते दोघांनाही ठाऊक होतं. ऑक्टोबरात विभासने पहिली फळी आणली होती. लाकडाची, बकलांची. त्या आठवड्यात उस्ताद लेकीकडे गेले होते आणि विभासने शेजाऱ्याकडून शेडची किल्ली मिळवली होती. तिसऱ्याच उडीला कस्तुरीचा घोटा मुरगळला. सहा आठवडे प्लास्टर. त्यानंतर घरीदारी, पाहुण्यारावळ्यांत, विभास एकच वाक्य सांगत आला : फळी ठीक होती, पोरगी चुकीची उतरली.

कस्तुरीने त्यावर कधी तोंड उघडलं नाही. फक्त शेडमध्ये पाऊल टाकणं सोडलं. आज मामाच्या भिडेखातर आली होती ती दारापर्यंत.

"तू सोता चढलास का हिच्यावर?" उस्तादांनी विचारलं.

"चढलो ना! पुण्यात एका हॉलमध्ये. तीस उड्या मारल्या."

"पडलास किती येळा?"

"एकदाही नाही!"

"मग काय कळलं तुला?"

 आजवर विभासला हे कुणी विचारलंच नव्हतं.

उस्ताद उठले, गादी उचलून चादरीच्या कडेला येऊन उभे राहिले. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकत नसत, म्हणून गादी ते कोपरात धरत.

"आमच्यात रीत हुती," ते म्हणाले. "नवा झोपाळा येऊ दे, नवी जाळी येऊ दे. बनवनारा आदी पडायचा. चढायचा न्हाई, पडायचा. मग बाकीची मानसं."

"आणि तो पडायला तयार नसला तर?"

"तर ते सामान सर्कशीत येत नसे."

...

विभास चादरीवर चढला. पावलं फळीत घातली, सगळे पट्टे करकचून ओढले आणि उड्या मारायला लागला.

उडी चांगलीच होती त्याची. लहानपणीचं अंगवळणी पडलेलं असं जात नाही. वर, खाली, वर, खाली. दर वेळी दोन्ही पाय बरोबर मधोमध.

"पड," उस्ताद म्हणाले.

तो वर गेला. खाली आला. सरळ उतरला.

"पड की."

पुन्हा सरळ उतरला. पुढची उडीही तशीच, तिच्या पुढचीही. आता कलायचं, असं तो हवेत ठरवायचा आणि खाली येईपर्यंत गुडघे आपोआप सावरून घ्यायचे. दहा झाल्या, पंधरा झाल्या. त्याला घाम फुटला.

"पडंना व्हय?"

"पाय... पाय अडकलेत, उस्ताद."

"अडकनारच. सुटत न्हाई म्हनालास की."

"मोडेल काहीतरी!"

"कसं मोडंल? शंभर टक्के खात्री हाय तुझी."

विभास थांबला. चादर हलायची थांबेपर्यंत तसाच उभा राहिला. आपण घाबरलोय हे आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. वाळूच्या पोत्याला गुडघे नसतात, हे त्याच्या आज प्रथमच ध्यानात आलं. इतका शिकलेला माणूस, पण पोतं आणि भाची यांतला फरक त्याच्या हिशेबात कधी आलाच नव्हता.

मग त्याने दात आवळले, एक उडी घेतली आणि कलला.

फळीची कड चादरीत रुतली. अंग फिरलं, पाय फिरेनात. उजव्या गुडघ्यातून एक कळ अशी गेली की त्याचा श्वास अडकला. आणखी एवढासा पीळ पडला असता तर काय झालं असतं ते सांगायला नको. पण उस्तादांची गादी तोवर खाली आली होती. तिच्यावर तो आडवा झाला आणि तसाच पडून राहिला.

...

उस्तादांनी दुखलं का विचारलं नाही.

विभास छताकडे बघत म्हणाला, "तिला असंच झालं असणार."

उस्तादांनी त्याच्या पायांवरचे पट्टे सोडले.

"कशीही उतरली असती तरी झालं असतं."

उस्ताद गादीवरची धूळ झटकत होते.

विभास उठून बसला. "कात्री आहे का?"

उस्तादांनी चादर सांधायची पेटी पुढे सरकवली. आत कात्री होती, जाड सुई होती, मेणाचा दोरा होता. विभासने एकेका पावलाचे दोन-दोन पट्टे कापून काढले. उरलेला एक अरुंद केला. त्याने जीव लावून केलेलं काम होतं ते. कापताना हात जड झाला होता, पण थांबला नाही.

पुन्हा चढला. पुन्हा पडला. पाय निम्मा सुटला, निम्मा अडकला.

खाली उतरून पट्टा आणखी अरुंद केला.

या खेपेला पाय अलगद बाहेर आला. विभास पाठीवर पडला, काही दुखलं नाही, काही पिळलं नाही. त्याच्या तोंडावर हसू फुटलं.

फळी मात्र कुठे दिसेना.

दिसली तेव्हा ती वरून येत होती. मोकळी झालेली फळी चादरीने वर भिरकावली होती आणि गिरक्या घेत ती पट्टीची बाजू खाली करून आली, नेमकी त्याच्या कपाळावर. फोमचं काहीच लागलं नाही. लागला तो पट्टीचा कोपरा. डाव्या भुवईवर कापलं, रक्त आलं. कपाळावर नाव उमटलं नाही, एवढंच नशीब.

उस्तादांनी धुतलेलं फडकं दिलं. विभासने ते भुवईवर दाबून धरलं. दुसऱ्या हाताने पेटीतली पक्कड काढली, फळी गुडघ्याखाली दाबली आणि रिव्हेट उपटायला लागला. एक निघाला. दुसरा निघाला. एका हाताने ते काम होत नव्हतं.

उस्तादांनी फळी धरली.

चारही रिव्हेट निघाल्यावर विभासने ती पट्टी पेटीत टाकली. भोकांवर जुन्या चादरीचा तुकडा ठेवून शिवला. टाके वेडेवाकडे आले.

मग तो पडत राहिला. पुढे पडला, मागे पडला, कुशीवर पडला. फळी कधी पाठीवर आली, कधी डोक्यावर. नुसता चापट मारल्यासारखा आवाज व्हायचा. दर खेपेला तो उतरून काहीतरी चाचपायचा. एकदा मागची कड आणखी गोल करून घेतली, एकदा डावा पट्टा बोटभर पुढे सरकवला. उस्ताद गादी घेऊन चादरीच्या चारी बाजूंनी त्याच्या मागे फिरत होते. वय झालं होतं, दम लागत होता, पण गादी एकदाही चुकली नाही.

अठरा वेळा पडल्यावर विभास उठला तर दारात कस्तुरी उभी होती. धपाधप आवाज ऐकून आली असणार. उंबऱ्याच्या आत नव्हती, पण बाहेरही नव्हती.

"मामा, रक्त!"

"थांबलंय आता."

"किती वेळा पडलास?"

 फळी काखेत धरून विभास चादरीच्या कडेला बसला. काय बोलायचं ते त्याला ठाऊक होतं. चारचौघांत सांगितलेलं खोटं एकट्यात परत घेणंही जड जातं.

"कस्तुरी, ऑक्टोबरात तू नीट उतरली होतीस," तो म्हणाला. "चूक फळीची होती. म्हणजे... माझी होती."

...

"मला माहीत होतं," कस्तुरी म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तू ऐकत कुठं होतास, मामा?"

 विभासने फडकं पुन्हा भुवईवर धरलं, डोळ्यांवरूनही फिरवून घेतलं.

कस्तुरी आत आली. तिने फळी हातात घेतली. पट्ट्याखाली मूठ घालून ओढली, ती सहज सुटली. पुन्हा घातली, पुन्हा ओढली. भोकांवरचे वेडेवाकडे टाके तिने बोटाने मोजल्यासारखे चाचपले. मग दाराशी जाऊन चपला काढून आली.

"चढू, उस्ताद?"

उस्तादांनी गादी कोपरात घेतली.

"भ्या वाटतं का?"

"थोडं थोडं वाटतं," कस्तुरी म्हणाली.

"तुला न्हाई इचारलं."

ते विभासकडे बघत होते.

विभासने फळीकडे बघितलं. डाव्या पट्ट्याची शिवण घाईत झाली होती. मागची कड अजून हवी तेवढी मऊ नव्हती. चादरीचा तो पलीकडचा कोपरा जुना झाला होता. पोरीचा घोटा नुकता कुठे बरा झाला होता. सकाळी यातलं त्याला काहीएक दिसत नव्हतं.

"वाटतंय, उस्ताद," तो म्हणाला. चिंचवडला गेल्यापासून टाकलेली बोली त्याच्या तोंडात आपोआप आली. "लई भ्या वाटतंय."

"मग चढ गं पोरी," उस्ताद म्हणाले.